तळघरातल्या थंड खोलीचा कोबा

कॅनडातल्या ओंटारिओ, क्वेबेक भागात जुनं घर घेतलं, की तळघरात कधी कधी एक अंधारी ‘कोल्ड रूम’ निघते. जमीन मातीची, कोपऱ्यात ड्रेनची जाळी. फ्रीज घरोघरी येण्याआधी बटाटे, गाजरं, सफरचंदं हिवाळाभर इथेच टिकत. नव्या मालकाला पहिली हौस येते ती कोबा घालून टाइल्स बसवायची. पण त्याआधी ही खोली चालते कशी, ते पाहायला हवं.

हवेतले चढउतार मातीत खोल जाताना मंदावतात. काही मीटरवर तर वर्षभर जवळपास एकच तापमान असतं, त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास. म्हणून ही खोली उन्हाळ्यात गार राहते आणि हिवाळ्यात सहसा गोठत नाही. उघडी माती ओलावा पुरवते. ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत बटाटे सुरकुतत नाहीत. मात्र तापमान ४ अंशांखाली गेलं, की बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि तो तळताना काळपटतो. सफरचंदातून सुटणाऱ्या इथिलीनमुळे शेजारचं गाजर कडू होतं. कांद्याला तर कोरडी हवा लागते, नाशिककडची चाळ खालून वारा खेळेल अशी बांधतात ती म्हणूनच.

उघड्या मातीतून ओलाव्याबरोबर रेडॉनही वर येतो. जमिनीतल्या युरेनियमच्या विघटनातून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू. त्याला ना रंग ना वास. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. कॅनडात घरातल्या हवेसाठी घनमीटरला २०० बेकरेल ही मर्यादा आहे. मोजमाप हिवाळ्यात, दारं-खिडक्या बंद असताना, निदान तीन महिने करायचं.

म्हणून जमीन झाकावीच, पण रीतसर. आधी चार इंच खडी, तीवर किमान ०.१५ मिलिमीटर जाडीचं पॉलिथीन, त्याचे सांधे एकमेकांवर चढवून चिकटवलेले, मग ड्रेनकडे ढाळ देऊन काँक्रीट. खडीत एक पाइप सोडून ठेवला, तर पुढे गरज पडल्यास पंखा जोडून रेडॉन घराबाहेर काढता येतो. गेलेला ओलावा ओल्या वाळूचा ट्रे ठेवून भरून काढता येतो.

ड्रेन मात्र बुजवू नये. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साचलेलं पाणी गटारातला वायू अडवतं. वापर नसला की ते आटतं आणि हायड्रोजन सल्फाइडचा वास घरभर पसरतो. महिन्याला बादलीभर पाणी ओतलं तरी पुरे. गटार साफ करायचं झाकण कोब्याखाली गाडलं, तर पुढे पाइप तुंबल्यावर तोच कोबा फोडावा लागतो.

भिंतींचं गणित उलटं आहे. इन्सुलेशन घराकडच्या भिंतीला आणि दाराला. मातीला टेकलेल्या भिंती उघड्याच ठेवायच्या. घरातली २० अंशांची, ४० टक्के आर्द्रतेची हवा सुमारे ६ अंशांवर आली, की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं. थंड खोलीची भिंत ४-५ अंशांवर असते. दाराला फट राहिली, की भिंतीवर थेंब आणि पाठोपाठ बुरशी. बाहेरची थंड हवा घेणारा पाइप जमिनीलगत, आतली सोडणारा छताजवळ; दमट उन्हाळ्यात दोन्ही बंद.

थोडक्यात, आधी रेडॉन मोजा, मग ड्रेन तपासा, मग हवेची वाट ठरवा. फळ्या आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.