औंढ्याची वेधशाळा, मिसिसिपीची हळद आणि अमेरिकेतला भाचा

आमच्या शेलूबाजारहून वाशिम, हिंगोली करत शंभर-सव्वाशे किलोमीटर गेलं की औंढा नागनाथ येतं. तिथे अमेरिकेच्या सहकार्याने ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले.

काही जण म्हणतात, “यंत्र अमेरिकेचं, म्हणजे माहितीही तिकडेच जाणार.” यंत्राचे मुख्य भाग तिकडून येणार हे खरं, चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या आणि इमारती मात्र आपल्या. शिवाय लहर आकाशात नेमकी कुठून आली, हे एकट्या वेधशाळेला नीट सांगता येत नाही. नोंदी एकत्रच वाचाव्या लागतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर लायगो त्या जगाला खुल्या करते.

मग राखायचं काय? इथे चोरीपेक्षा भेसळीची भीती मोठी. सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्याच मोजक्या लोकांनी यंत्रात गुपचूप बनावट लहर सोडली. बाकीच्यांनी महिनोन्‌महिने तपासून शोधनिबंधही तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये खरं उत्तर असलेलं बंद पाकीट उघडलं, तेव्हा कळलं की ती परीक्षा होती! पुढे १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली, तेव्हाही ती कोणी पेरली नाही ना, याचा कसून तपास झाला. तपासणी म्हणजे अविश्वास, असं मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पारंपरिक ज्ञानाबद्दल कोणी म्हणेल, “कोणाला काही सांगूच नका, मग चोरी कशी होईल?” हळदीच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आजीला ठाऊक होतं, एवढ्याने भागलं नाही. छापील पुरावे लागले. त्यांत १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता.

आणखी एक प्रश्न असतो, “भाचा अमेरिकेत संशोधन करतो. घरचाच आहे, गावरान बियाणं दिलं तर काय बिघडलं?” स्वयंपाकाला हळद नेणं वेगळं. संशोधनासाठी इथली जैविक सामग्री घ्यायची, तर जैविक विविधता कायदा, २००२ नुसार परदेशी नागरिकाप्रमाणेच अनिवासी भारतीयालाही चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. संस्थांमधल्या संयुक्त संशोधन प्रकल्पांना सवलत आहे. पण त्यासाठी प्रकल्प केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसावा लागतो आणि त्याला केंद्राची मंजुरी लागते. नुसत्या ओळखीवर ते काम होत नाही.