गाडीच्या पाठीवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण आजवर बदलीच्या नोकरींतील गृहस्थांना लावीत आलों. अलीकडे मात्र खरोखरीच पाठीवर बिऱ्हाड घेऊन प्रवासास निघण्याची हौस सुशिक्षित कुटुंबांतून दिसूं लागली आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं 'कॅरॅव्हॅन' पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून या हौसेस राजमान्यताहि मिळाली. याच हौसेचा एक सुटसुटीत प्रकार म्हणजे पिकअप गाडीच्या हौद्यांत सरकवून बसवावयाची व काम झालें कीं उतरवून ठेवावयाची लहानशी खोली. अमेरिकेंत ही चाल जुनी आहे. आपल्याकडेहि कांहीं हौशी मंडळी असे प्रयोग करूं लागली आहेत.

खरें पाहतां ही कल्पना आपणांस अगदींच परकी नाहीं. आषाढी वारींत दिंडीच्या मागोमाग जो ट्रक चालतो, त्यांत तंबू, धान्य, भांडीं, पाण्याची टांकी असा सारा संसार भरलेला असतो. परंतु ट्रक मोठा, आणि त्याचा चालक ओझ्याचा जाणता. घरची पिकअप लहान, आणि ती चालविणारा बहुधा घरांतलाच एखादा उत्साही तरुण. म्हणूनच निघण्यापूर्वीं या संसाराचें वजन किती व गाडीची झेप किती, याचा विचार घरांतील वडील मंडळींनींहि करणें अवश्य आहे.

दोन आंकडे

प्रत्येक मालवाहू गाडीच्या नोंदणीपुस्तकांत दोन आंकडे असतात. एक रिकाम्या गाडीच्या वजनाचा, दुसरा भारासकट एकूण वजनाच्या मर्यादेचा. दुसऱ्यांतून पहिला वजा केला म्हणजे गाडीवर काय घालतां येईल तें कळतें. येथें दोन गोष्टी लोक हटकून विसरतात. पहिली अशी कीं, आंत बसणारीं माणसें हींहि ओझ्यांतच धरावयाचीं. दुसरी अशी कीं, मागाहून बसविलेले लोखंडी बंपर, छतावरील जाळी, जादा चाक यांचें वजन पुस्तकांत नसतें. तेंहि आपणच धरलें पाहिजे.

एक उदाहरण घेऊं. समजा, गाडीची मर्यादा २,९०० किलो व इंधनासह रिकाम्या गाडीचें वजन १,९५० किलो आहे. म्हणजे हातीं राहिले ९५० किलो. आतां खोली ४५०, पाणी ८० लिटर म्हणजेच ८० किलो, गॅसचा सिलिंडर व शेगडी ४०, बॅटऱ्या व सूर्यशक्तीचे पत्रे ९०, अंथरुणें, भांडीं व शिधा १२०, आणि चार माणसें २६० किलो. बेरीज झाली १,०४० किलो. म्हणजे ९० किलोंनीं मर्यादा ओलांडली! यांत चैनीची अशी एकहि वस्तु नाहीं. हीच खोली हलक्या बांधणीची, ३५० किलोंची घेतली आणि पाणी वीस लिटरच बरोबर ठेवून मुक्कामावर भरून घेतलें, तर बेरीज ८८० वर येते व ७० किलोंची सवड राहते. तात्पर्य, काटकसर खोलीच्या निवडींत करावयाची. निघतेवेळीं डबे व घागरी उतरवून ती साधत नाहीं.

'पाटे वाढविले कीं झालें'

आपल्याकडे एक समजूत फार रूढ आहे. गाडी मागें बसूं लागली कीं गॅरेजमध्यें जाऊन कमानीचे पाटे वाढवून घ्यावयाचे. त्यानें गाडीची पाठ वर येते हें खरें. परंतु गाडीची मर्यादा किलोभरहि वाढत नाहीं. ती मर्यादा चौकट, आंस, ब्रेक, चाकें व टायर या सर्वांचा मेळ पाहून कारखान्यानें ठरविलेली असते. एक अवयव बळकट केल्यानें बाकीचे बळकट होत नाहींत. उलट, पूर्वीं गाडी बसत असे व त्यावरून धोका कळत असे, ती खूणहि नाहींशी होते.

टायरवर त्याची भारशक्ति आंकड्यानें लिहिलेली असते. ९१ म्हणजे ६१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो, ११० म्हणजे १,०६० किलो. आणि हा भार टायर वाहतो तो योग्य हवा असेल तरच. कमी हवेचा, जड ओझ्याचा टायर मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तापून फुटतो, याचें आश्चर्य वाटावयास नको.

उलाळ

ओझें किती याइतकेंच तें कोठें, हेंहि महत्त्वाचें आहे. बैलगाडींत माल मागें अधिक भरला तर गाडी उलाळ होते व पुढून उचलते. हें प्रत्येक गाडीवान जाणतो. मोटारीलाहि हाच न्याय लागू आहे. पुढच्या व मागच्या आंसांत तीन मीटरांचें अंतर असलें, आणि मागच्या आंसाच्या एक मीटर मागें ३०० किलो ठेवले, तर मागील आंसावर ३०० नव्हे, ४०० किलो पडतात, आणि पुढचा आंस १०० किलोंनीं हलका होतो. पुढचीं चाकें हलकीं झालीं म्हणजे सुकाणू ऐकेनासें होतें व पुढच्या ब्रेकांची पकडहि कमी होते. यासाठींच अमेरिकेंत असा नियम आहे कीं, अशी खोली वाहूं शकणाऱ्या गाडीच्या कारखानदारानें ती किती वजनाची असावी व तिचा गुरुत्वमध्य हौद्याच्या कोणत्या भागांत यावा, हें ग्राहकास लेखी कळवावें. सामान्य नियम इतकाच कीं, पाणी व बॅटऱ्या यांसारख्या जड वस्तु मागच्या आंसाच्या किंचित् पुढें व तळाशीं ठेवाव्या. हलकें तें वर, जड तें खालीं. गाडी जितकी वरून जड, तितकी वळणावर कलंडण्याची भीति अधिक.

कायदा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमाप्रमाणें नोंदणींतील मर्यादेपलीकडे भारलेली गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें १९४ व्या कलमाखालील दंड २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनास २,००० रुपये असा झाला. २०१८ च्या जुलैंत दोन आंसांच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेण्यांत आली. परंतु ती वाढ मोठ्या ट्रकांची. आपल्या लहान गाडीस तिच्या पुस्तकांतील आंकडाच प्रमाण. तसेंच गाडीच्या मूळ रचनेंत बदल करावयाचा तर ५२ वें कलम आहे. परिवहन कार्यालयांत आधीं चौकशी करावी हें बरें.

भुईकांटा

छत्रपति संभाजीनगरास (२०२३ पर्यंत औरंगाबाद) या बाबतींत अडचण पडूं नये. ज्या शहराच्या वाळूज वसाहतींत १९८५ पासून बजाजचा कारखाना गाड्या घडवीत आहे, तेथें भुईकांटा दुर्मिळ नाहीं. खोली बसवून, टांकी भरून, सर्व माणसें बसवून गाडी कांट्यावर न्यावी. प्रथम संपूर्ण वजन घ्यावें, मग केवळ पुढचीं चाकें व मग केवळ मागचीं. तिन्ही चिठ्ठ्या जपून ठेवाव्या. हा अल्प खर्च हजार तर्कांहून मोलाचा आहे.

वेरूळ सुमारें ३० किलोमीटर, अजिंठा १०० च्या आसपास. अंतरें थोडीं, पण दौलताबादचा चढ व तेथील जुन्या दरवाज्यांतील अरुंद वाट लक्षांत घेऊन गाडीची उंची व रुंदी आधीं मोजून ठेवावी. कन्नडच्या औट्रम घाटांत तर २०२३ सालीं उच्च न्यायालयाच्या आदेशानें जड वाहनांस बंदी झाली, यावरून घाट व ओझें यांचें वैर ध्यानीं यावें. उतारावर खालच्या गिअरमध्यें उतरावें, सतत ब्रेकवर पाय ठेवूं नये. वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याची शक्ति चौपट लागते.

शेवटीं एकत्र कुटुंबास विशेष सांगणें एवढेंच. गाडी चालत असतां मागच्या खोलींत कोणींहि बसूं नये. मुलांनीं नाहीं, आजींनीं तर मुळींच नाहीं. पुढें जितक्या जागा, तितकींच माणसें; उरलेल्यांनीं दुसऱ्या गाडीनें अथवा एस. टी. नें मुक्काम गांठावा. गॅस प्रवासांत बंद ठेवावा, व रात्रीं खिडकी थोडी उघडी असावी. बिऱ्हाड पाठीवर असावें, पण पाठीस झेपेल एवढेंच. मग वेरुळाची लेणीं व अजिंठ्याचीं चित्रें पाहून सगळें कुटुंब आनंदानें घरीं परतेल.