आर्ची डॅशिंग होती, पण कोणाच्या जिवावर? ‘सैराट’च्या नायिकेवरून अजूनही का भांडतात चाहते?

सोलापूर : बुलेटवरून जाणारी मुलगी दिसली की तिला ‘आर्ची’ म्हणायची सवय आपल्या जिल्ह्याला लागून आता बरीच वर्षं झाली. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला आणि अकलूजची रिंकू राजगुरू रातोरात महाराष्ट्राची आर्ची झाली. मार्च २०२५ मध्ये सिनेमा पुन्हा थिएटरमध्ये लागला, नव्या पोरांनी तो पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिला आणि जुना वाद परत सुरू झाला. आर्ची ही मराठी सिनेमातली सगळ्यात खमकी नायिका आहे, की अर्ध्या सिनेमापुरतीच खमकी?

स्त्रीवादी अभ्यासक हा प्रश्न विचारतात तेव्हा अनेक चाहत्यांना राग येतो. ‘आमच्या आर्चीला कशाला मध्ये घेता?’ असा सूर असतो. पण आक्षेप नेमके काय आहेत, हे पूर्ण ऐकून घेतलं तर बराचसा राग चुकीच्या ठिकाणी निघतोय असं दिसतं. म्हणून सगळं प्रकरण जरा नीट उलगडून पाहू.

आधी कौतुकाचं काय ते

आर्चीने काय केलं, हे समजायला नागराज मंजुळेंचाच आधीचा सिनेमा आठवा. २०१३ च्या ‘फँड्री’मध्ये जब्या शालूच्या मागे वेडा होतो, पण शालू त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही. ती फक्त दिसते. ‘सैराट’मध्ये उलट आहे. वर्गात आर्ची परश्याकडे उघड, मान न वळवता बघते आणि लाजतो तो. ट्रॅक्टर ती चालवते. बंदूक ती चालवते. पोलिस ठाण्यात परश्या आणि त्याच्या मित्रांवर खोटी तक्रार दाखल होते, तेव्हा बापाच्या विरोधात तीच उभी राहते.

सिनेमाच्या अभ्यासात ‘पुरुषी नजर’ अशी एक संकल्पना आहे. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ च्या निबंधात ती मांडली. साध्या शब्दांत सांगायचं तर सिनेमात बघणारा पुरुष असतो आणि बघितली जाणारी बाई. आर्चीने ही नजर उलटी फिरवली, हे तिचे टीकाकारही मान्य करतात. त्यात भाषा आपली. करमाळा, माळशिरस तालुक्यांत बोलली जाते तशी, पुण्याच्या पाण्याने न धुतलेली. तोवर मराठी पडद्यावर असं बोलणारी बाई बहुतेक वेळा विनोदासाठी असायची. इथं ती नायिका होती आणि तिला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तोही सिनेमा प्रदर्शित होण्याआधी.

आम्ही तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर पहिला भाग पाठ असलेली पोरं ढिगाने होती. दुसरा भाग पाठ असलेला एकही आठवत नाही. वादाचं मूळ कदाचित इथंच आहे.

बुलेट कोणाची?

पहिला आक्षेप जातीचा आणि पैशाचा. बुलेट, ट्रॅक्टर, विहीर, ऊस हे सगळं तात्या पाटलांचं आहे. गावात आर्चीच्या वाटेला कोणी जात नाही, याला तिचा स्वभाव जितका कारण आहे तितकंच तिचं आडनावही. दलित स्त्रीवादी मांडणी करणारे विचारतात, की हाच तोरा परश्याच्या बहिणीने दाखवला असता तर गावाने टाळ्या वाजवल्या असत्या का? सिनेमात परश्याच्या बापाला जातपंचायतीपुढे उभं राहावं लागतं. त्या घरातल्या बायकांचं पुढे काय झालं, हे आपण बाहेर पडताना कोणीच विचारत नाही.

शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात हाच मुद्दा सिनेमाबाहेर मांडला होता. सगळ्या बायकांचा अनुभव एकच नसतो आणि जातीनुसार तो बदलतो. त्याही मागे जायचं तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईवर ताबा ठेवावा लागतो, हा त्यातला गाभा. ‘सैराट’ आला तो या निबंधाला शंभर वर्षं पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी असताना. हा योगायोगच, पण सिनेमाचा शेवट हा त्या निबंधाचाच पुरावा वाटावा असा आहे. तात्यांनी मुलीला बुलेट दिली, कारण बुलेट चालवल्याने जात मोडत नाही. परश्यासोबत गेल्याने मोडते. मोकळीक आणि ताबा एकाच घरातून, एकाच माणसाकडून येत होते.

चाहत्यांचं यावर उत्तर असतं, ‘मग गरिबाघरची दाखवली असती तर गोष्टच घडली नसती.’ बरोबर आहे. पण टीका ‘आर्ची वाईट’ असं म्हणतच नाही. तिच्या धाडसाला जे कवच होतं ते बघा, इतकंच तिचं म्हणणं आहे. मला विचाराल तर हा आक्षेप सिनेमाविरुद्ध जातच नाही, कारण हैदराबादला नेऊन मंजुळेंनी ते कवच स्वतःच काढून घेतलंय.

हैदराबादची आर्ची ‘मऊ’ पडली का?

दुसरा आक्षेप चाहत्यांमधल्याच अनेकांचा आहे. पहिल्या भागातली वाघीण दुसऱ्या भागात रडते, घरची आठवण काढते, झोपडपट्टीतल्या खोलीत तिचा जीव रमत नाही. ‘दिग्दर्शकाने आर्चीचा पार संसार करून टाकला,’ अशी तक्रार तेव्हाही होती.

इथं मात्र मला टीकाकारांपेक्षा सिनेमा पुढे वाटतो. दुसऱ्या भागात आर्ची बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात नोकरी करते, तेलुगू शिकते, पगार आणते. पहिल्या भागात तिच्याकडे जे होतं ते मिळालेलं होतं, इथं जे आहे ते कमावलेलं आहे. नव्या इमारतीत घर बघायला जाण्यापर्यंत हे जोडपं पोचतं ते दोघांच्या कमाईवर. पण कारखान्यात उभं राहून बाटल्या हाताळणाऱ्या बाईवर शिट्ट्या पडत नाहीत, तिचे रील होत नाहीत. आपल्याला ‘सशक्त बाई’ म्हटलं की गाडी, बंदूक आणि दमदाटी लागते. म्हणजे पुरुष जे करतात तेच, फक्त बाईने केलेलं. शहरातल्या गुंडांपासून या दोघांना वाचवणारी, स्वतःच्या हिमतीवर राहणारी सुमनअक्का (छाया कदम) कोणाच्या टी-शर्टवर आली नाही. खरं तर सिनेमातली सगळ्यात खंबीर बाई तीच.

आणि ती थप्पड

इथं चाहत्यांची अडचण होते. आर्चीचं कामावरच्या माणसाशी बोलणं परश्याला खटकतं, संशय वाढतो आणि तो तिच्यावर हात उचलतो. ती निघून जाते, गावाकडची रेल्वे पकडते. मग परत येते. ती दारात पोचते तेव्हा परश्या फास लावून घ्यायच्या तयारीत असतो. पुढे मिठी, नोंदणी कार्यालयात लग्न, बाळ.

चाहते म्हणतात, ती स्वतःहून परतली, हा तिचा निर्णय आहे. गाडीत बसूनच तिने ठरवलं, फास तिला नंतर दिसला. हे खरं आहे. टीकाकार म्हणतात, परतण्याआधी ती काय विचार करते हे सिनेमा सांगत नाही, आणि परतल्यावर तिच्या वाटणीचं बोलणं तो फास गिळून टाकतो. मरायला निघालेल्या माणसाला ‘तू मला का मारलंस?’ असं कोण विचारणार? ज्या मुलीने बापाला, भावाला, पोलिसांना तोंडावर सुनावलं, तिच्या तोंडी या एका प्रसंगात एकही हिशेबाचं वाक्य नाही. मला हा आक्षेप खोडता आलेला नाही.

एवढं मात्र म्हणता येईल, की ‘सैराट’ त्या थप्पडीला प्रेमाचा पुरावा म्हणून विकत नाही. २०१९ च्या ‘कबीर सिंग’नंतर जो वाद झाला तो वेगळा होता. तिथं मारणं हे उत्कट प्रेमाचंच लक्षण असल्यासारखं मांडलं गेलं आणि दिग्दर्शकाने मुलाखतीत त्याचं समर्थनही केलं. २०२० च्या ‘थप्पड’ने नेमका उलटा प्रश्न विचारला, एकच थप्पड पुरेशी नाही का? तो बघून पुन्हा ‘सैराट’ बघितला की परश्याची गोंडस प्रतिमा थोडी डळमळते.

अनेकांना माहीत नसलेली एक गोष्ट. ही मारहाण होते तेव्हा दोघांचं लग्न झालेलं नाही. तरीही २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा अशा बाईला संरक्षण देतो, कारण त्यात लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या जोडीदारांचाही समावेश आहे.

‘फोन केलाच कशाला?’

सिनेमा संपल्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. आर्चीने आईला फोन केला, पत्ता कळला, भाऊ आला. म्हणजे चूक आर्चीची. स्त्रीवादी टीकेवर चिडणाऱ्या चाहत्यांनी एकदा हे स्वतःचं वाक्य तपासून पाहावं. मारणारा प्रिन्स, आणि दोष आईची आठवण आली म्हणून फोन लावणाऱ्या मुलीला. गावागावांत पळून गेलेल्या मुलींबद्दल असंच बोललं जातं.

तो शेवट मंजुळेंनी हवेतून आणलेला नव्हता. करमाळ्याला लागूनच जामखेड तालुका आहे. तिथल्या खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून १७ वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. पुढच्या वर्षी, २७ मार्च २०१८ ला, शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात कुटुंबाला किंवा जातपंचायतीला आडवं येता येणार नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा, असे निर्देशही दिले. अशी धमकी असेल तर पोलिसांचा ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक आहेत.

त्याच २०१८ मध्ये हिंदी रिमेक ‘धडक’ आला. त्यात नायिका जिवंत राहते. नवरा आणि बाळ जातात. जात जवळपास पुसून टाकलेली होती, त्यामुळे खून नेमका कशासाठी झाला हेच धूसर झालं. त्या वेळी ‘सैराट’चे चाहते आणि स्त्रीवादी टीकाकार एकाच बाजूला होते, हे आज दोघंही विसरलेत.

एका बाईबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी फार कमी बोललं गेलंय. आर्चीच्या आईबद्दल. शेवटच्या प्रसंगात भाऊ आणि सोबतची माणसं येतात ती आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन, आणि आर्ची त्यांच्यासाठी चहा टाकते. वस्तू देताना आईला काय माहीत होतं, सिनेमा सांगत नाही. पुढच्या वेळी बघाल तेव्हा पाटलांच्या वाड्यातल्या प्रसंगांत ती किती वेळा बोलते, ते मोजून बघा.