विमानामागची रेघ आणि खालचे हवामान

विमानाचे एक किलो इंधन जळले की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, उणे 40 अंश सेल्सिअसहून थंड हवेत ही वाफ मिसळली की काजळीच्या कणांवर सूक्ष्म थेंब धरतात आणि लगेच गोठतात. विमानामागे दिसणारी पांढरी रेघ ती हीच. नीट पाहिले तर ती इंजिनाला चिकटून सुरू होत नाही, मध्ये थोडी जागा मोकळी असते. वाफ निवायला तेवढा अवधी लागतो.

पुढचे सारे भोवतालच्या हवेवर अवलंबून. हवा कोरडी असेल तर रेघ विमानापाठोपाठ विरून जाते. हवेत बर्फ धरण्याइतका ओलावा जादा असेल, तर हिमस्फटिक तो ओलावा ओढून घेत वाढतात. वाऱ्याने रेघ पसरते आणि काही तासांत तिचा तंतुमेघ होतो. मूळच्या तंतुमेघांतून तो वेगळा ओळखणेही मग कठीण जाते.

हा विरळ ढग दिवसा थोडे ऊन परतवतो. जमिनीतून वर जाणारी उष्णता मात्र तो दिवसा अडवतो आणि रात्रीही. रात्री परतवायला ऊनच नसते, म्हणून रात्रीच्या रेघा फक्त तापवतात. जगाचा एकूण हिशेब मांडला तर तापवणेच वरचढ ठरते.

रेघांचा परिणाम जिथे विमाने दाट, तिथेच एकवटतो. 11 मे 1944 च्या सकाळी आग्नेय इंग्लंडमधून हजारावर लढाऊ आणि बॉम्बफेकी विमाने उडाली. त्या दिवसाच्या जुन्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा विमानांच्या वाटेखालच्या भागात सकाळचे तापमान शेजारपेक्षा सुमारे 0.8 अंशाने कमी चढल्याचे आढळले. सप्टेंबर 2001 मध्ये अमेरिकेत तीन दिवस प्रवासी विमाने बंद होती. तेव्हा दिवस आणि रात्रीच्या तापमानांतले अंतर एका अंशाहून अधिक वाढल्याचे संशोधक डेव्हिड ट्रॅव्हिस यांनी मांडले. त्या दिवसांतली निरभ्र, कोरडी हवाही याला कारण असू शकते, असे इतरांनी नंतर दाखवले. निसर्गतःच ढग इतके बदलतात की रेघांचा वाटा निवडून काढणे अवघड असते.

उपाय मात्र हाताशी आहे. जपानच्या आकाशाचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रेघांच्या 80 टक्के तापवण्याला जेमतेम 2.2 टक्के उड्डाणे कारणीभूत निघाली. जादा ओलाव्याचे थर लांब-रुंद पसरलेले असले तरी जाडीला कमी असतात, त्यामुळे विमान थोडे वर किंवा खाली नेले तरी ते टळतात. गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने 70 उड्डाणांत हे करून पाहिले. रेघांची लांबी 54 टक्क्यांनी घटली, इंधन किंचित जास्त लागले. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत राहतो, रेघेचा ढग काही तासांत विरतो. म्हणजे आज रात्री टाळलेल्या रेघेचा लाभ आज रात्रीच मिळतो. इंधन बदलायला दशके लागतील, तोवर रात्रीच्या मोजक्या उड्डाणांची उंची बदलायला काय हरकत आहे?