प्रतिजैविकाचे पुरळ आणि गाजरगवतावरचा आळ

अंगावर पुरळ उठले की शेतात राबणाऱ्या माणसाचा पहिला संशय गाजरगवतावर किंवा फवारणीवर जातो. तणनियंत्रणाच्या प्रयोगावर काम करताना प्रस्तुत लेखकाचेही असेच झाले. दाढेसाठी अ‍ॅमॉक्सिसिलीनच्या कॅप्सूल चालू होत्या. सहाव्या दिवशी छातीवर लाल ठिपके दिसले. दोष गाजरगवताला दिला आणि कॅप्सूल आणखी दोन दिवस घेतल्या! पुरळ सौम्य होते म्हणून निभावले.

गाजरगवताचा त्रास प्रामुख्याने पापण्या, मान, कोपराची घडी येथे होतो. कातडी जाड व कोरडी पडते. प्रतिजैविकाचे पुरळ मात्र बहुधा कपड्याखालच्या छाती-पाठीवर सुरू होते, दोन्ही बाजूंस सारखे, गोवरासारखे दिसते व मग हातापायांवर पसरते. औषध सुरू केल्यापासून साधारणपणे ४ ते १४ दिवसांत ते उठते. तेच औषध पूर्वी बाधले असल्यास लवकरही. याला अपवाद डॉक्सिसायक्लिनचा. लेप्टोस्पायरोसिससाठी कोकणातील भातशेतकऱ्यांना हे औषध दिले जाते. त्याने कातडी उन्हाला हळवी होऊन उघडा भाग भाजल्यासारखा लाल होतो. अशा वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा व टोपी वापरावी.

पुरळ दिसताच पुढची मात्रा घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. औषध परस्पर बदलू नये. विषाणूजन्य तापातही असेच पुरळ येते, त्यामुळे निदान त्यांच्यावरच सोपवावे. सौम्य पुरळ औषध थांबविल्यावर एक-दोन आठवड्यांत ओसरते. तोवर गार पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे व कॅलामाइन लोशन पुरेसे होते. खाजेची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. झाडपाल्याचा लेप किंवा दुकानातून मागून आणलेले स्टिरॉइडचे मलम लावू नये.

ओठ वा चेहरा सुजणे, धाप लागणे, अंगभर गांधी उठणे, फोड येणे, तोंडात व्रण, डोळे लाल होणे, कातडी दुखणे किंवा पुरळासोबत ताप, यांपैकी काहीही दिसल्यास औषध बंद करून तत्काळ रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

गोळ्यांची रिकामी पट्टी टाकून देऊ नये. कीटकनाशकाचे व्यापारी नाव वेगळे आणि आतील घटक एकच, हे आपण जाणताच. औषधांचेही तसेच आहे. अ‍ॅमॉक्सिसिलीन बाधल्यास अ‍ॅम्पिसिलीनही बाधू शकते. म्हणून घटकाचे नाव व तारीख वहीत लिहून ठेवावी व पुढील प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी.