ओळीच्या आधीची कोरी जागा

मोडीतला जुना कागद हाती आला की नवशिका अक्षरापाशी अडतोच, पण त्याहून जास्त अडतो तो शब्द कुठे संपला हे न कळल्यामुळे. कारकून आधी आडवी रेघ ओढायचा आणि तिला अक्षरे लटकवत जायचा. मध्ये जागा सोडण्याची, पूर्णविराम देण्याची चाल नव्हती. लिहिणाऱ्याची सोय झाली, वाचणाऱ्याने आपले पाहावे! पुढे छापील बालबोधीने शब्द सुटे केले आणि मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हे मराठीत रुजवली.

संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही हाच प्रश्न आहे. फक्त तिथे वाचणारे दोन असतात, माणूस आणि यंत्र. समजा, सूचना अशा आहेत: 'पाऊस असेल तर', खाली 'छत्री घे', त्याखाली 'कुलूप लाव'. शेवटच्या दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवल्या, तर आपण म्हणू, दोन्ही कामे पाऊस असेल तरच करायची. 'सी' भाषेचे यंत्र मात्र कोरी जागा पाहतच नाही. महिरपी कंस नसेल, तर अट फक्त पुढच्या एका सूचनेला लागू. कुलूप रोजच लागणार.

ही गंमत नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'गोटू फेल' ही ओळ, म्हणजे 'चूक आढळली तर थेट शेवटाकडे जा' यातला उडीचा भाग, लागोपाठ दोनदा पडली होती. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत होती, त्यामुळे वाचणाऱ्याला ती अटीखालचीच वाटावी. प्रत्यक्षात ती बिनशर्त होती. चूक नसतानाही उडी पडे, समोरच्या सर्व्हरची सही तपासायची राहून जाई आणि निकाल येई 'सगळे ठीक'. ओळ सरळ कडेला असती, तर कदाचित कुणाच्या तरी डोळ्यांत खुपली असती. पुढे 2016 मध्ये जीसीसी या कंपायलरमध्ये अशा फसव्या मांडणीबद्दल इशारा देण्याची सोय आली.

गिडो व्हॅन रॉसम यांनी 1991 मध्ये जगापुढे आणलेल्या पायथॉनने हा दुटप्पीपणाच मोडला. तिथे कोरी जागा हेच व्याकरण; जे माणसाला दिसते तेच यंत्राने मानायचे. त्याचाही जाच आहेच. मेहरूणला आमच्या शेजारचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. ओळी एकाखाली एक नीट दिसत होत्या, तरी प्रोग्रॅम चालेना. एका ओळीत टॅब होता, बाकीच्यांत चार-चार स्पेस. डोळ्यांना सारखे, यंत्राला वेगळे.

टॅब की स्पेस, हा वाद या धंद्यात भाऊबंदकीसारखा चालतो. लिनक्सचा गाभा लिहिणारे आठ अक्षरांएवढा टॅब वापरतात, पायथॉनची शैलीपुस्तिका चार स्पेस सांगते. 'गो' भाषेने मांडणीचे काम 'गोएफएमटी' या साधनाकडेच सोपवले, म्हणजे भांडायला कुणी उरू नये. माझे मत टॅबच्या बाजूने आहे. टॅबची रुंदी वाचणाऱ्याला आपल्या पडद्यावर हवी तेवढी ठेवता येते. अक्षरे खूप मोठी करून वाचणाऱ्या अधू दृष्टीच्या माणसाला ती एक-दोन अक्षरांवर आणता येते. स्पेस मात्र लिहिणाऱ्याने मोजून दिलेल्या असतात. त्या विद्यार्थ्याला मी चार स्पेसच घालायला सांगितल्या, कारण त्याची भाषा पायथॉन होती.