पदवीच्या पहिल्या वर्षाला हवे मधल्या पातळीचे इंग्रजी

महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक वेगळे असते आणि इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे वेगळे. एकासाठी इंग्रजी ही तृतीय भाषा, दुसऱ्यासाठी प्रथम भाषा. दोघांची इंग्रजीची पातळी एक नाही, ही गोष्ट शालेय व्यवस्थेने उघडपणे मान्य केलेली आहे. अकरावीला मात्र दोघांच्या हाती इंग्रजीची एकच ‘युवकभारती’ पडते आणि पुढे पदवीच्या पहिल्या वर्षी दोघे एकाच वर्गात बसून सक्तीच्या इंग्रजीचा एकच पेपर देतात. दहावीपर्यंत सगळ्यांना दिसणारा फरक एका सुट्टीत मिटला, असे धरून पुढचा सगळा अभ्यासक्रम आखलेला असतो. तो मिटलेला नसतो. विद्यापीठांनी इंग्रजीचे वर्ग इयत्तेनुसार न भरवता पातळीनुसार भरवले पाहिजेत आणि त्यातही आज कुठेच नसलेला मधल्या पातळीचा, म्हणजे इंटरमीजिएट अभ्यासक्रम आधी सुरू केला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

‘मधली पातळी’ म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे आज महाविद्यालयात येणारा मराठी माध्यमाचा मुलगा किंवा मुलगी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेली असते. तिला नवशिकी म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिला कर्तरी-कर्मणी प्रयोग बदलता येतात, अर्ज लिहिता येतो, फोनवर आलेला बँकेचा इंग्रजी संदेश कळतो, ओळखीच्या विषयावर चार वाक्ये बोलता येतात. मात्र अर्थशास्त्राच्या किंवा जीवशास्त्राच्या पुस्तकातली दहा पाने एकटीने वाचून त्यातला युक्तिवाद सांगता येत नाही. बाजारातले स्पोकन इंग्लिशचे क्लास तिला पुन्हा ओळख करून द्यायला आणि दुकानातले संवाद बोलायला शिकवतात, म्हणजे तिला येते तेच. महाविद्यालयातला सक्तीचा पेपर तिच्यापुढे निबंध आणि कविता ठेवतो आणि वाचनाची ताकद तिच्याकडे आहेच, असे गृहीत धरतो. या दोहोंच्या मधली जागा मोकळी राहते. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांचीही स्थिती फार निराळी नाही. गणित आणि विज्ञानाच्या संज्ञा त्यांना इंग्रजीत ठाऊक असतात, पण सलग गद्य वाचण्याची सवय त्यांनाही लागलेली नसते.

युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या सहा पातळ्यांची जी मोजपट्टी प्रसिद्ध केली, ती आता जगभर वापरली जाते. तिच्यातली बी-१ ही पातळी म्हणजे परिचित विषयांवरचे सरळ लिखाण समजणे आणि रोजच्या व्यवहारात निभावून नेणे. बी-२ म्हणजे गुंतागुंतीच्या मजकुराचा गाभा पकडणे, लांबलेला युक्तिवाद समजून घेणे, स्वतःचे मत कारणांसह मांडणे. पदवीचा अभ्यास इंग्रजीतून करायचा तर साधारण बी-२ पर्यंत पोहोचावे लागते आणि युरोपातली अनेक विद्यापीठे इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांसाठी किमान हीच पातळी मागतात. आपल्याकडे मात्र बारावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीपुढे आकडा असतो, पातळी नसते. आणि तो आकडा बऱ्याच अंशी नेमलेल्या धड्यांच्या तयारीचा असतो. न पाहिलेला उतारा विद्यार्थ्याला किती समजतो, हे त्यावरून फारसे कळत नाही.

बी-१ आणि बी-२ मधले अंतर किती मोठे आहे, हे शब्दसंपत्तीवरून चांगले दिसते. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेले शिक्षणतज्ज्ञ. बंगालमधल्या शाळकरी मुलांना इंग्रजी वाचायला कसे शिकवावे, या प्रश्नातूनच त्यांचे पुढचे काम उभे राहिले. १९५३ साली त्यांनी इंग्रजीतल्या सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. शालेय इंग्रजी चांगले झाले की हे शब्द बहुतेक हाताशी येतात. मात्र न्यूझीलंडमधले भाषाअभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबानुसार कुणाच्याही मदतीशिवाय सर्वसाधारण इंग्रजी मजकूर वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुळे माहीत असावी लागतात. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे. ही दरी ऐकून धीर सुटावा अशी आहे, पण तिच्यात शिरण्याची वाटही सापडलेली आहे. त्याच देशातल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली निरनिराळ्या विद्याशाखांचे लिखाण तपासून ५७० शब्दकुळांची एक यादी तयार केली. वेस्ट यांच्या यादीबाहेरचे हे शब्द शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात.

या ५७० शब्दकुळांत ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘इंडिकेट’, ‘सिग्निफिकंट’ यांसारखे शब्द आहेत. ते कोणत्याही एका विषयाचे नाहीत आणि खरी अडचण तिथेच आहे. ‘इन्फ्लेशन’ म्हणजे काय, हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक तासभर समजावून सांगतात. कवितेतला अवघड शब्द इंग्रजीचे प्राध्यापक फोडून सांगतात. ‘अझ्यूम’ मात्र कुणीच शिकवत नाही, कारण तो येतोच असे प्रत्येकाला वाटते. वाक्यरचनेचेही तसेच. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. पण पाठ्यपुस्तकी इंग्रजीत कर्त्याला जोडलेले उपवाक्य दोन-दोन ओळी लांबते आणि मुख्य क्रियापद कुठे आहे, हेच वाचणाऱ्याला सापडत नाही. मराठीत हेच आपण ‘जो’ आणि ‘तो’ लावून सुटे करून सांगतो. इंग्रजीतले लांब वाक्य ‘जो-तो’च्या रचनेत उलगडून पाहायला आणि पुन्हा बांधायला शिकवले, तर मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची स्वतःची भाषाच त्याच्या उपयोगी पडते. परदेशी प्रकाशकाच्या पुस्तकात हा पाठ मिळणार नाही, तो इथल्याच प्राध्यापकांना लिहावा लागेल.

आता वेळेचा हिशेब. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजानुसार बी-१ पर्यंत येण्यास मार्गदर्शनाखालचे ३५० ते ४०० तास लागतात आणि बी-२ पर्यंत ५०० ते ६००. म्हणजे मधल्या टप्प्यासाठी १५० ते २०० तास. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात भाषा आणि संवादकौशल्याच्या क्षमतावर्धन अभ्यासक्रमांना ८ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास धरले, तर होतात १२०. हे सगळे इंग्रजीला दिले तरी पुरत नाहीत आणि ते सगळे इंग्रजीला देणे योग्यही नाही, कारण भारतीय भाषांचा वाटा त्यातच आहे. तेव्हा उरलेले तास दुसरीकडून आणावे लागतील. ब्रिटनमधली विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांसाठी सत्र सुरू होण्यापूर्वी उन्हाळ्यात काही आठवड्यांचे पूर्ववर्ग चालवतात. आपल्याकडे बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि महाविद्यालय पावसाळ्यात सुरू होते. हे महिने मोकळे आहेत, इमारतीही मोकळ्या आहेत. शिवाय प्रवेशाच्या वेळी पातळी तपासली तर ज्यांचे इंग्रजी बी-२ पर्यंत पोहोचलेले आहे, त्यांना या तासांतून सूट मिळून दुसरे काही शिकता येईल. आज त्यांचाही वेळ त्याच वर्गात वाया जातो.

यावर पहिली हरकत येते ती मोठ्या वर्गाची. शंभर-सव्वाशे मुलांत कसले वाचन आणि कसले लेखन? याला उत्तर देणारा एक भारतीय प्रयोग झालेला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी आणि अनुदानित शाळांत ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून ओळखला जाणारा प्रयोग केला. व्याकरणाचे नियम क्रमाने न शिकवता रेल्वेचे वेळापत्रक वाचणे, नकाशावरून वाट काढणे अशी कामे मुलांसमोर ठेवायची आणि अर्थ लावता लावता भाषा येऊ द्यायची, ही त्याची पद्धत होती. अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी १९८५ साली त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. व्याकरणरचनांच्या चाचणीत जुन्या पद्धतीची मुले सरस ठरली. प्रत्यक्ष भाषा वापरण्याच्या चाचण्यांत मात्र निकाल एकंदरीत प्रयोगातल्या मुलांच्या बाजूने गेले. प्रयोग शाळेतला होता, तेव्हा तो जसाच्या तसा महाविद्यालयात आणता येणार नाही. पण साधने तुटपुंजी असली म्हणजे धडा समजावून सांगून नोट्स देण्यापलीकडे काही करताच येत नाही, ही समजूत त्याने खोटी पाडली.

दुसरी हरकत मला अधिक गंभीर वाटते. मुलांची चाचणी घेऊन त्यांना वेगळ्या वर्गात बसवले, तर कमीपणाचा शिक्का बसेल. हा शिक्का बहुतांशी ग्रामीण, दलित आणि आदिवासी मुलांवर बसेल. ही भीती निराधार नाही. ‘रेमेडिअल कोचिंग’ नावाने जे वर्ग चालले, त्यांच्या नावातच विद्यार्थ्याला काहीतरी आजार असल्याचे सुचवलेले आहे. पण वेगळे न काढल्यानेही हीच मुले मागे पडतात, फक्त ते कुठे नोंदले जात नाही. ती गाईडवर पास होतात आणि तिसऱ्या वर्षानंतर मुलाखतीत, प्रवेशपरीक्षेत किंवा नोकरीच्या पहिल्या लेखी अहवालात एकटी पडतात. त्यामुळे प्रश्न वेगळे काढायचे की नाही, असा नसून ते सन्मानाने कसे करायचे, असा आहे. या अभ्यासक्रमाला इतर विषयांइतकेच श्रेयांक हवेत, पातळीचाचणीचा निकाल गुणपत्रिकेवर येता कामा नये, आणि ज्याने पातळी आधी गाठली त्याला सत्राच्या मध्यातही पुढे जाता आले पाहिजे.

मराठीच्या बाजूने येणारा आक्षेप असा : उच्च शिक्षण मराठीत आणा, मग इंग्रजीची ही धडपडच उरणार नाही. उच्च शिक्षण मराठीत यावे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने विद्यापीठात प्रादेशिक भाषा माध्यम व्हाव्यात अशी शिफारस करतानाच इंग्रजीला ग्रंथालयीन भाषेचे स्थान दिले होते आणि पदवीसाठी, विशेषतः पदव्युत्तर पदवीसाठी, अशा भाषेचे पुरेसे ज्ञान असावे असे म्हटले होते. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. मराठीतून अभियांत्रिकी शिकणाऱ्याला यंत्राची माहितीपुस्तिका आणि नवे संशोधन इंग्रजीतच वाचावे लागते. व्याख्यान मराठीत असेल, तर इंग्रजी वाचनाचा स्वतंत्र आणि पद्धतशीर वर्ग त्यालाच सगळ्यांत जास्त हवा. फोनवरचे भाषांतर आहे ना, असेही म्हटले जाते. ते जरूर वापरावे. पण भाषांतरात ‘नाही’ गळले किंवा अट उलटली तर ती चूक ओळखायला मूळ वाक्य वाचता यावे लागते, आणि ते वाचता येणे म्हणजेच ही मधली पातळी.

हा अभ्यासक्रम कुठे फसू शकतो, तेही सांगितले पाहिजे. त्याची परीक्षा नेमलेल्या पुस्तकावर घेतली, तर पहिल्याच वर्षी त्याचे गाईड बाजारात येईल आणि तास ओस पडतील. प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक उतारा न पाहिलेला असला पाहिजे आणि तो विद्यार्थ्याच्या विद्याशाखेतला असावा : वाणिज्यवाल्याला कंपनीच्या वार्षिक अहवालातला, विज्ञानवाल्याला प्रयोगाच्या वर्णनातला. अशा पेपरची तयारी वाचूनच करावी लागते.

राहिला प्रश्न शिकवणाऱ्यांचा. आपले इंग्रजीचे बहुतेक प्राध्यापक साहित्य शिकून आलेले आहेत आणि शेक्सपिअर शिकवण्यासाठी घडलेल्या माणसाला लांब वाक्य कसे वाचावे, हे शिकवायला सांगितले तर त्याला ते अवघड जाणे स्वाभाविक आहे. इंग्रजी शिकवणाऱ्यांना घडवण्यासाठीच १९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. तीच आजचे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ. तिथल्यासारखे भाषाशिक्षणाचे प्रशिक्षण महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी एम. ए. इंग्रजीच्या अभ्यासक्रमातच एक सक्तीचा विषय म्हणून आणले, त्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी उन्हाळी पूर्ववर्गांत अनुभवी प्राध्यापकांच्या हाताखाली मानधन देऊन शिकवायला लावले, तर वर्ग लहान ठेवता येतील आणि दोन वर्षांत या कामासाठी तयार झालेली पहिली तुकडी महाविद्यालयांना मिळेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. अभ्यास मंडळाचा एक ठराव आणि मानधनाची तरतूद लागते.